बंद नाकाचा मार्गशीर्ष

मुलुंड पूर्वेच्या त्या जुन्या चार मजली इमारतीत गॅसचा वास आला की लोक आधी तिसऱ्या मजल्यावर वनमालाबाई तेंडोलकरांचं दार वाजवायचे आणि मग गॅसवाल्याला फोन करायचे. बाई गाऊनवर ओढणी टाकून जिन्यात यायच्या, दोनदा नाक वर करायच्या आणि निकाल द्यायच्या, "गॅस नाही. पहिल्या मजल्यावर कुणीतरी मुळ्याची भाजी झाकून ठेवलीय." जाऊन बघावं तर मुळाच असायचा.

घरात तर हे नाक म्हणजे कायदाच. दूध नासणार की टिकणार ते बाई पातेल्यावर नाक धरून आदल्या दिवशी सांगायच्या. मुलगा नितेश कॉलेजात असताना त्याने ओढलेली पहिली सिगारेट त्यांनी तो रिक्षातून उतरत असतानाच गॅलरीतून ओळखली होती. आणि यजमान चंद्रप्रकाश तेंडोलकर, वीज खात्यातून निवृत्त झालेला गडी, इतकी वर्षं संसार करूनही नाक्यावरचा वडा पचवायला शिकले नव्हते. वडा पोटाला बाधायचा नाही, पण दारातच पकडला जायचा.

मुलुंडकरांचं एक म्हणणं असतं की मुंबईत थंडी पडते ती फक्त मुलुंडला, बाकीचे उगाच स्वेटर घालतात. त्या डिसेंबरात मात्र थंडी खरीच पडली. त्यात शेजारची इमारत रिडेव्हलपमेंटसाठी पाडायला घेतली होती. तिला हिरवी जाळी बांधली होती खरी, पण ती धूळ अडवायला नसून चाळून बारीक करायला असावी असं एकूण दिसत होतं. मार्गशीर्ष लागला त्याच आठवड्यात वनमालाबाईंना सर्दी झाली. सर्दीचं पडसं झालं, पडशाचा ताप झाला, ताप उतरला आणि सगळा मुक्काम कपाळात आणि गालांत येऊन बसला. खाली वाकलं की डोळ्यांच्या मागे कुणीतरी वरवंटा सरकवल्यासारखं व्हायचं. वरच्या दाढा ठणकायच्या. आणि नाक असं चोंदलं की बाईंच्या तोंडून 'म'चा 'ब' आणि 'न'चा 'द' व्हायला लागला.

"बला काही दको," असं त्या म्हणाल्या की तेंडोलकर तोंड फिरवून हसायचे.

गार्गी डॉक्टर वयाने सुनेएवढ्या. त्यांनी नाकात दिवा घालून बघितलं. "सायनस भरलेत, काकू. गोळ्यांचा कोर्स अर्धवट सोडायचा नाही. स्प्रे मारा, मिठाच्या पाण्याने नाक धुवा. हे लवकर जाणारं दुखणं नाही हं, धीर धरा."

"आणि वास?" बाईंनी हळूच विचारलं. "वास अजिबात येत दाही बला."

"येईल परत. सूज उतरली की येईल."

बाई दाराकडे बघून पुढे झुकल्या. "डॉक्टर, हे वासाचं बाहेर बसलेत त्यांदा सांगू दका."

"कोण बसलंय बाहेर?"

"बिस्टर."

डॉक्टर कशाबशा गंभीर राहिल्या.

बाईंचा विचार सरळ होता. घरात ज्या नाकाचा एवढा धाक, ते नाक बंद पडलंय ही बातमी फुटली की राज्य गेलं. त्यातून महिना मार्गशीर्षाचा. गुरुवारी घट मांडायचा, पोथी वाचायची, आणि महिनाभर घरात मासळीचं नाव काढायचं नाही, हा बाईंचा लग्नापासूनचा नेम. सुके बोंबील, जवळा, खारवलेले बांगडे सगळं दोन-दोन पिशव्यांत बांधून डब्यात भरून माळ्यावर टाकलं होतं. तेंडोलकर तो डबा वर जाताना असे बघत होते, जसं एखाद्याला स्टेशनवर सोडायला गेल्यावर बघतात. सून निधी काही बोलली नव्हती. तिच्या माहेरी फक्त गुरुवार पाळायचे.

नितेश ऑफिसच्या कामाने महिनाभर बंगळुरूला होता. घरात तिघंच. निधीचं काम बरेच दिवस घरूनच चालायचं, हॉलमधल्या टेबलावर, कानाला हेडफोन लावून.

आजारपण घरात स्थिरावलं. सकाळी गोळी, मग स्प्रे, मग नाक धुण्याचा कार्यक्रम. पहिल्या दिवशी तेंडोलकर चष्मा लावून बाटलीबरोबरचा कागद वाचत बाथरूमच्या दारात उभे राहिले. "डोकं पंचेचाळीस अंशात कलवा असं लिहिलंय."

"पंचेचाळीस बंजे किती?"

तेंडोलकरांनी आपलं डोकं कलवून दाखवलं. बाईंनी त्यांच्याकडे बघत बाटली दाबली. पाणी एका नाकपुडीतून जाऊन दुसरीतून यायचं होतं, ते तोंडातून आलं आणि थोडं तेंडोलकरांच्या चष्म्यावर गेलं.

समोरच्या दारातल्या कुंदा गावडे ओव्याची पुरचुंडी घेऊन यायच्या. तव्यावर गरम करून कपाळ शेकायचं. चौथ्या मजल्यावरून कुणी निलगिरीचं तेल पाठवलं, तळमजल्यावरून गवती चहा. बाई सगळं करायच्या. पण जेवण म्हणजे शिक्षा. डाळ आणि भात यांत फरक एवढाच की एक पातळ आणि एक घट्ट. लोणचं जिभेला झोंबायचं, पण ते आंब्याचं की लिंबाचं ते बघून ठरवावं लागायचं.

तरी सोंग चालू होतं. रोज सकाळी निधी दुधाचं पातेलं पुढे करायची आणि बाई त्यावर नाक धरायच्या. नाकातून शिट्टीसारखा एक आवाज यायचा, आत काहीच जायचं नाही. मग त्या ठसक्यात म्हणायच्या, "चालेल."

एका सकाळी असं 'चालेल' म्हटलेलं दूध चहात पडताच फाटलं. कपात पांढरी फुलं तरंगायला लागली.

"आलं जास्त किसलंस," बाई म्हणाल्या.

निधीने चहात आलं घातलंच नव्हतं. तिने सासऱ्यांकडे बघितलं. सासऱ्यांनी तिच्याकडे बघितलं. तेंडोलकर काहीच बोलले नाहीत, आणि तेंडोलकर गप्प बसले की समजावं, आत काहीतरी शिजतंय.

पुढची गोष्ट बाईंना फार उशिरा कळली, पण ती इथेच सांगायला हवी. त्याच दुपारी तेंडोलकर स्टुलावर चढले आणि माळ्यावरच्या डब्यातून एक सुका बोंबील काढला. तो शर्टाच्या खिशात ठेवला आणि संध्याकाळी बाई मालिका बघत बसल्या असताना सोफ्यावर त्यांना अगदी चिकटून बसले. सुक्या बोंबलाचा वास कसा असतो ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. पूर्वी तो डबा नुसता हलवला तरी बाई स्वयंपाकघरातून ओरडायच्या. त्या दिवशी आख्खी मालिका संपली, जाहिराती संपल्या, बोंबील खिशात आणि खिसा बाईंच्या नाकापासून वीतभर. बाईंनी एकदा नवऱ्याकडे वळून बघितलं.

"आज काय एवढं चिकटूद?" त्या म्हणाल्या. पण म्हणताना थोड्या लाजल्या.

तेंडोलकर उठले, आत गेले आणि सुनेला म्हणाले, "निधी, रस्तो मोकळो झालो."

दुसऱ्या दिवसापासून घरात माया उतू जायला लागली. अकराच्या सुमाराला निधी स्वतः उकळतं पाणी घेऊन खोलीत यायची. "आई, वाफ घ्या. घाई करू नका हं, चांगली सावकाश घ्या." बाईंच्या डोक्यावर टॉवेल टाकायची, खोलीचं दार लावायची, आणि गार वारा लागू नये म्हणून दाराच्या खालच्या फटीत ओला पंचा सारायची. टॉवेलखालच्या अंधारात, गरम वाफेत, बाईंच्या डोळ्यांत पाणी यायचं. ते निलगिरीचं होतं तसंच थोडं कौतुकाचंही होतं. ज्या नवऱ्याने आयुष्यात पाण्याचा पेला जागेवर ठेवला नाही, तो हल्ली भर दुपारी उठून खिडक्या उघडत होता, देवापुढे दोन-दोन उदबत्त्या लावत होता.

"ही कसली वेळ उदबत्तीची?" बाईंनी विचारलं.

"मनात आलं," तेंडोलकर भक्तिभावाने म्हणाले.

बाईंनी नितेशला फोन करून सांगितलं, "तुझी बायको बाझी किती करते, काय सांगू. आणि बाबा तर देवाला लागलेत."

ही भक्ती चार-पाच दिवस चालली. गुरुवारी मात्र स्वयंपाकघरात सगळं निर्मळ असायचं. "तेवढी लाज आसा माका," असं तेंडोलकरांनी सुनेला बजावलं होतं.

मग एका दुपारी वाफ घेऊन बाई पलंगावर टेकल्या होत्या. निधी हॉलमध्ये कुणाशी तरी इंग्रजीत कामाचं बोलत होती आणि तेंडोलकर तृप्त होऊन गॅलरीत डुलकी काढत होते. कुंदा ओव्याची पुरचुंडी घेऊन थेट खोलीत आल्या आणि उंबऱ्यातच थबकल्या.

"वनमाला," त्या म्हणाल्या, "तूसुद्धा?"

"बीसुद्धा काय?"

"अगं, मार्गशीर्ष चाललाय! जिन्यात सुकटीचा घमघमाट सुटलाय. मला वाटलं, तळमजल्यावर कुणीतरी केलीय. वास घेत घेत वर आले तर तुझंच दार! नेम मोडलास?"

वनमालाबाईंच्या कपाळातला वरवंटा एकदा पूर्ण फिरला. फटीतला पंचा, उदबत्त्या, उघड्या खिडक्या, सगळं एका क्षणात जागच्या जागी जाऊन बसलं. पण समोर कुंदा उभ्या होत्या, आणि कुंदांना कळलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत गच्चीवरच्या टाकीला कळते. 'मला माहीत नाही' म्हणावं तर नाक गेल्याची दवंडी. 'माहीत आहे' म्हणावं तर नेम मोडल्याची. बाईंनी तिसरी वाट काढली.

"बांजरीसाठी केलंय," त्या म्हणाल्या.

"कुठल्या मांजरीसाठी?"

"ती दाही का जिद्यातली. पांढरी. आजारी आहे बिचारी."

"काळी आहे ती."

"पांढरीच होती. आजारादं काळवंडलीय."

कुंदांनी यावर थोडा विचार केला. "आणि कांदा, आमसूल, फोडणी? मांजरीला?"

"ते हे करतात," बाई म्हणाल्या. "भूतदया आहे त्यांदा. हौसेदं करतात."

"कमाल आहे हो भाऊंची," कुंदा म्हणाल्या. "उद्या येते मी बघायला. मांजर कशी खाते ते."

कुंदा गेल्यावर बाई ओव्याची पुरचुंडी हातात घेऊन बराच वेळ बसून राहिल्या. सुकटीचा राग आला होताच. पण त्याहून जास्त काहीतरी वेगळंच टोचत होतं. ती माया! त्या पंच्यासाठी त्यांनी टॉवेलखाली डोळे भरून घेतले होते. ते पाणी आता परत मागून घ्यावंसं वाटत होतं. उठावं आणि दोघांना उभं-आडवं घ्यावं, असं एकदा मनात आलं. पण मग विचारतील, कळलं कसं? कुंदाने सांगितलं म्हणावं, तर मग नाक कुठे होतं?

त्या पुरचुंडी कपाळाला लावून आडव्या झाल्या आणि झोप लागेपर्यंत त्यांच्या चेहऱ्यावर, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, जरा टवटवी आली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी निमूट वाफ घेतली. पंचा फटीत सारला तेव्हा "किती गं करतेस," असंही म्हणाल्या. दोघांची जेवणं उरकल्यावर त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या. नाक गेलं तरी डोळे होते. पिठाच्या डब्यामागे एक वाटी, वाटीवर ताटली, ताटलीवर खलबत्त्यातला बत्ता. ताटली उचलली. आत गॅसवर नुसता भाजलेला खारा बांगडा, चांगला अर्धा, रात्रीच्या जेवणासाठी बाजूला काढून ठेवलेला. बाईंनी वाटी उचलली, दार उघडलं आणि जिन्यात उभं राहून हाक मारली.

"अहो! या जरा. तुबच्या बांजरीचं राहिलंय!"

समोरचं दार उघडून कुंदा आल्या. गॅलरीतून तेंडोलकर आले. वाटी बघून त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"माझी... कुठली मांजर?"

"कुंदालाही ठाऊक आहे सगळं. तुब्ही आजारी बांजरीसाठी रोज सुकं भाजता. बला आधी सांगायचं तरी! बी काय दाही ब्हणाले असते? बुक्या जदावराला कसला आलाय बार्गशीर्ष."

तेंडोलकरांनी कुंदांकडे बघितलं, बायकोकडे बघितलं, वाटीकडे बघितलं. बुडत्याला काडी मिळावी तशी त्यांनी ती मांजर धरली. "हो हो. मांजरीसाठीच. बिचारी."

"बग घाला दा तिला. बला वाकवत दाही, कपाळ दुखतं."

काळी मांजर जिन्याच्या वळणावर हजरच होती. तिच्याइतकी धडधाकट मांजर अख्ख्या मुलुंडात शोधून सापडली नसती. तेंडोलकर गुडघ्यावर हात टेकून वाकले आणि एक लहानसा तुकडा मोडून टाकला.

"भाऊ, मोठा द्या ना," कुंदा म्हणाल्या. "आजारी आहे ती."

"काटे असतात," तेंडोलकर क्षीणपणे म्हणाले.

"बांजरीला काटे चालतात," बाई म्हणाल्या.

अर्धा बांगडा तुकड्या-तुकड्याने गेला. मांजर मोठ्याने खात होती. शेवटचा, पोटाकडचा, चरबीचा तुकडा टाकताना तेंडोलकरांचा हात दोनदा पुढे गेला आणि मागे आला. दारात निधी हेडफोन लावून उभी होती, तोंडावर हात धरून. तिच्या ऑफिसातल्यांना त्या वेळी काहीही ऐकू येत नसावं अशी आशा आहे.

आत गेल्यावर तेंडोलकर सुनेच्या कानाशी लागले. "तिका वास येता काय गो?"

"बाबा, वास आला असता तर आईंनी बांगड्याऐवजी आपल्यालाच वाटीत घातलं असतं."

हे त्यांना पटलं. आणि पटल्यावर दुसरी गोष्ट लक्षात आली, की आता तर परवानाच मिळालाय. मांजरीच्या नावाने घरात सुकं भाजता येणार होतं, उघड उघड, उदबत्तीविना. फक्त रोज दुपारी कुंदांसमोर मांजरीचा वाटा द्यावा लागत होता, आणि मांजरीची भूक वाढत चालली होती. सुक्याचा कंटाळा आलेल्या माणसाचं मन मग कुठे जातं, ते उघड आहे. तेंडोलकर सकाळच्या फेरीहून येताना मासळीबाजारावरून यायला लागले. नुसतं बघायला.

अशाच एके सकाळी पलंगाखाली गेलेली चप्पल ओढायला वनमालाबाई वाकल्या. उजव्या डोळ्याखाली काहीतरी 'टुक' झालं, जसं खूप दिवस बंद असलेल्या खिडकीचं दार सुटतं. त्या तशाच वाकून राहिल्या. आधी काही नाही. मग निलगिरी. मग ओवा. मग कांबळ्याचा जुना, डांबरगोळीचा वास. त्यांनी शेजारची नवऱ्याची उशी उचलली आणि नाकाला लावली. माक्याचं तेल. या तेलावरून त्या इतकी वर्षं भांडत आल्या होत्या. अभ्रे खराब होतात, डोकं उठतं. आता त्यांनी उशीत नाक खुपसून दोनदा, तीनदा श्वास घेतला, आणि कुणी बघत नाही ना म्हणून दाराकडे बघितलं.

सांगायला धावतच जाणार होत्या. दारापर्यंत गेल्या आणि थांबल्या. सांगायचं कशाला?

तेवढ्यात तेंडोलकर फेरीहून आले आणि "काय म्हणते तब्येत?" करत जवळून गेले. त्यांच्यामागून खोलीत आम्लेट आलं. कांदा, हिरवी मिरची, बटरात परतलेला पाव. आणि त्या दिवशी गुरुवार होता. देव्हाऱ्यासमोर घट मांडायची तयारी निधीने करून ठेवली होती.

"बरी आहे की," बाई म्हणाल्या. मग घाईने दुरुस्त केलं, "बरी कसली. दाक तसंच आहे."

दोन दिवस त्यांनी राणीसारखे काढले. नाक दाबून बोलायच्या, पातेल्यावर शिट्टी वाजवायच्या आणि चालेल म्हणायच्या, पण आत सगळं जात होतं. धुण्याची पावडर बदललीय, हे कळत होतं. निधी दुपारी दार लावून चॉकलेट खाते, हे कळत होतं. जगात इतके वास आहेत आणि आपण त्यांतले निम्मे शिव्या घालण्यात घालवले, असंही त्यांना एकदा वाटून गेलं. पण तो विचार काही फार टिकला नाही.

शनिवारी निधीने वाफेचं पाणी आणलं. टॉवेल, दार, पंचा, सगळं रीतसर झालं. बाई टॉवेलखाली बसल्या होत्या. पंच्यावरून, दाराच्या बाजूच्या फटीतून, एक बारीकसा वास आला आणि त्यांच्या पोटात कुणीतरी कळ दाबली.

तिरफळ.

तिरफळाचा तो हिरवा, झणझणीत, जिभेवर मुंग्या आणणारा वास, खाली लाल मिरची, आंबट आमसूल, आणि त्याखाली ताजा बांगडा. बांगड्याचं तिखलं! मार्गशीर्षात! यांची एवढी मजल? बाई रागाने थरथरल्या, निदान त्यांना तो राग वाटला. पण तोंडाला पाणी सुटलं होतं. महिनाभर पुठ्ठा खाल्लेल्या माणसाच्या नाकाशी कुणी तिखलं आणलं, तर त्याने करावं काय? त्या टॉवेल गळ्यात तसाच ठेवून उठल्या आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

तेंडोलकर खाली नारळ आणायला गेले होते. निधी हातात डाव घेऊन पुतळा झाली.

"आई... ही भाजी आहे. भोपळ्याची."

बाईंनी पातेल्याकडे बघितलं. तिखल्याला नुकती उकळी फुटली होती. आणि अशा वेळी बाईच्या जातीला जे सुचतं तेच त्यांना सुचलं. "मीठ घातलंस?"

"घातलं," निधी म्हणाली. मग तिचे डोळे बारीक झाले. "आई, काय म्हणालात?"

"काय म्हणाले?"

"मीठ म्हणालात. म. स्वच्छ."

बाईंनी घाईने टॉवेलचं टोक नाकाशी नेलं.

"बीठ," बाई म्हणाल्या. पण फार उशीर झाला होता.

निधीला आधी हसू आलं. मग ती हसत हसत ओट्याला टेकली, आणि बाईंनाही आवरेना. त्यांनी टॉवेलचं टोक तोंडात धरलं. हसणं ओसरल्यावर निधी म्हणाली, "कधीपासून?" बाई म्हणाल्या, "आधी तू सांग, कधीपासून." मग निधीने सगळं सांगितलं, अगदी खिशातल्या बोंबलापासून. बाईंनी ते ऐकून घेतलं. सोफ्यावर आपण लाजलो होतो हे आठवून त्यांचे कान गरम झाले.

"तो पंचा," त्या म्हणाल्या. "मला खरंच वाटलं होतं गं, तू माझ्यासाठी..."

निधीने गॅस बारीक केला. "वाफ मी खरीच देत होते, आई," ती म्हणाली. "रोज पाणी उकळताना तुमच्यासाठीच उकळत होते. पंचा तेवढा आमच्यासाठी होता."

बाईंनी तिच्याकडे नीट बघून घेतलं. उत्तर प्रामाणिक होतं. "बरं," त्या म्हणाल्या. "आता ते येतील. तू एक अक्षर बोलायचं नाहीस. मी कुकर लावते वरण-भाताचा."

तेंडोलकर जेवायला बसले तेव्हा बाई समोर येऊन बसल्या. नेहमी त्या खोलीत जेवायच्या. आज टेबलावर ताट मांडून घेतलं. तेंडोलकर किंचित बावरले, पण नाक लाल आणि गळ्यात टॉवेल बघून निर्धास्त झाले.

"काय आहे आज?" बाईंनी नाकातून विचारलं.

"भोपळ्याची भाजी," तेंडोलकर म्हणाले आणि भातावर रस ओढला.

"कशी झालीय?"

"झकास!"

"होणारच," बाई म्हणाल्या. "भोपळा आज सकाळचाच आहे. पण बर्फातला. आणि तिरफळं जरा चेचायची असतात, तुब्ही अख्खीच टाकायला लावलीत."

तेंडोलकरांचा घास ताट आणि तोंड यांच्या मध्ये थांबला.

"परवा गुरुवारी दाक्यावरचं आब्लेट बात्र बरं होतं वाटतं," बाई पुढे म्हणाल्या. "बिरची जास्त होती. पाव बटरात परतला होता."

निधीने मान खाली घातली. आम्लेटाचं तिलाही माहीत नव्हतं.

"गो," तेंडोलकर हळूच म्हणाले, "तुझा नाक बंद आसा ना?"

"बंदच आहे. कळत दाही का बोलण्यावरूद?"

"मग ह्या तुका कळला कसा?"

"बंद आहे बऊद एवढंच कळतंय," बाई म्हणाल्या. "उघडल्यावर काय ते बघू."

यानंतर तेंडोलकर जे बोलत सुटले, त्यातलं अर्धं तर कुणी विचारलंही नव्हतं. बोंबील, जवळा, उदबत्त्या, कोळंबीचं लोणचं जे त्यांनी कपाटात मोज्यांच्या मागे लपवलं होतं, मागच्या श्रावणात मित्राच्या घरी खाल्लेली अंडी. आणि मांजरीचा वाटासुद्धा दोनदा त्यांनीच खाल्ला होता, कुंदा वळल्यावर. "माका माफ कर गो," असं म्हणून ते ताट सरकवून उठायला लागले.

"बसा," बाई म्हणाल्या. "अद्द टाकायचं दसतं. सगळं संपवायचं."

तेंडोलकर बसले आणि बायकोच्या नजरेखाली एकेक काटा काढत तिखलं जेवले. इतकं सावकाश आणि इतकं गुन्हेगारासारखं तिखलं कोकणात कुणी कधी खाल्लं नसेल.

बाईंनी आपल्या वरण-भातावर तूप सोडलं. गरम वरणावर तूप वितळलं आणि हिंगाचा वास वर आला. त्यांनी लिंबू पिळलं. लिंबाच्या सालीचा वास आला. पहिला घास तोंडात घालून त्यांनी डोळे मिटले. तिखल्याच्या वासाने पाणी सुटलेलं तोंड, आणि त्यात साधं तुरीचं वरण. त्या जेवत राहिल्या. मग दुसऱ्यांदा भात घेतला. मग तिसऱ्यांदा.

"एवढं चांगलं झालंय?" तेंडोलकरांनी विचारलं. "वाईच माका पण घाल."

"तुब्हांला भोपळा आहे," बाई म्हणाल्या.

अमावास्या होऊन गेली. घटाचं विसर्जन झालं, नेम पुरा झाला. नाक आता सरकारी रीतीने उघडलं होतं. गार्गी डॉक्टरांनी बघून शाबासकी दिली आणि धुळीत तोंडाला मास्क लावा म्हणून सांगितलं. तेंडोलकरांनी मात्र तोवर अख्ख्या इमारतीत सांगून ठेवलं होतं की आमच्या हिचं नाक चोंदलेलं असतानाही बर्फातला बांगडा ओळखतं. कुंदांनी ते चौथ्या मजल्यावर नेलं आणि तिथे बांगड्याची सुरमई झाली. निधीकडे कुणी चौकशी केली तर ती फक्त म्हणायची, "हो, मी समोरच होते."

त्या रविवारी बाईंनी स्वतः तिखलं केलं. तिरफळं चेचून. नितेश बंगळुरूहून आला होता, त्याला काहीच माहीत नव्हतं आणि कुणी सांगितलंही नाही. सगळे जेवायला बसत होते, तेवढ्यात निधी ओट्यापाशी येऊन बाईंच्या कानाशी लागली.

"आई, पुढच्या मार्गशीर्षात फक्त गुरुवार पाळले तर?"

बाईंनी पातेल्यावरचं झाकण काढलं, वाफ तोंडावर घेतली आणि दोनदा नाक वर केलं.

"बघू," त्या म्हणाल्या. "आधी ताटं घे."